पंख कोण ठरवतं? धानातले तुडतुडे, पऱ्हाटीवरचा मावा आणि गोडनिंबावरची पाकोळी

या महिन्यातल्या पत्रांमध्ये पंखांवरचेच प्रश्न जास्त निघाले, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून हे सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : आमचं धानाचं वावर लाखनी तालुक्यात हाये. मागच्या हंगामात धान निसवल्यावर बांधीत गोल गोल जागी करपलं. बुंध्याशी पाहिलं तं तुडतुडे खच्चून भरलेले, पण त्यात दोन जाती दिसल्या. एकीचे पंख पूर्ण पाठ झाकून मागं निघतात आणि एकीचे अर्ध्या पाठीवरच संपतात. औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं का हे दोन वेगळे किडे हायेत, औषधंही दोन लागतील. खरं काय? आणि आता म्हणे जीन बंद करणारी औषधं येणार, तसं झालं तं याचं उडणंच बंद करता येईल का?
— एक धान उत्पादक, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, दुसऱ्या औषधाचे पैसे वाचवा. किडा एकच आहे, तपकिरी तुडतुडा. लांब पंखाचा आणि आखूड पंखाचा हे दोघं एकाच आईचे असू शकतात, आणि आखूड पंखाचा म्हणजे पिल्लू किंवा अधू किडा असंही नाही, तो पुरता वाढलेला असतो. उलट त्यातली मादी लांब पंखवालीपेक्षा लवकर अंडी घालायला लागते आणि जास्त घालते, कारण लांब पंख आणि उडायचे स्नायू बनवायला जे अन्न खर्च झालं असतं ते तिचं अंड्यांकडे जातं. म्हणजे तुमच्या बांधीत पीक जाळण्याइतकी गर्दी वाढवते ती मुख्यतः ही आखूड पंखवाली.

आता हे ठरतं कसं. पिल्लू पाच अवस्थांमधून जातं, दर वेळी कात टाकतं, आणि पाठीवरची पंखांची कळी किती वाढवायची हे त्या पिल्लूपणातच ठरून जातं. यातली आतली यंत्रणा २०१५ मध्ये चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी उलगडली आणि तिच्यात निघालं इन्सुलिन, तेच जे आपल्याला शुगरच्या पेशंटमुळे माहीत आहे. किड्याच्या मेंदूतून इन्सुलिनसारखं एक द्रव्य निघतं आणि पंखाच्या कळीतल्या पेशींवर ते धरणारे दोन रिसेप्टर असतात, दोन्हीची जनुकं वेगळी. पहिल्या रिसेप्टरनं ते द्रव्य धरलं की आतलं फॉक्सो नावाचं प्रोटीन दाबलं जातं आणि पंख लांब होत जातो. दुसरा रिसेप्टर पहिल्याच्या आड येतो, मग फॉक्सो मोकळं राहतं आणि पंख तिथंच थांबतो. संशोधकांनी पहिल्याचं जनुक दाबून पाहिलं तर आखूड पंखाचे किडे निघाले, दुसऱ्याचं दाबलं तर जवळपास सगळे लांब पंखाचे.

लक्षात घ्या की दोन्ही रिसेप्टरची जनुकं दोन्ही प्रकारच्या किड्यांत आहेत. बियाणं एकच, अर्धं बरड जमिनीत टाकलं आणि अर्धं काळ्या जमिनीत, तर झाडं वेगळी दिसतात पण बियाणं काही वेगळं होत नाही, तसंच हे. थोडा कल मात्र वारशानं येतो, कारण प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या फक्त लांब पंखवाले निवडत गेले तर पुढं जवळपास सगळेच लांब पंखाचे मिळतात आणि आखूड निवडले तर आखूड. म्हणजे लांब पंखाकडे किती पटकन वळायचं हा कल आईबापाकडून येतो, पण अमुक एका किड्याला कोणता पंख आला हे त्याचं लहानपण कसं गेलं यावर बरंचसं अवलंबून राहतं.

आणि लहानपणी त्याला काय कळतं? एक म्हणजे गर्दी. दुसरं म्हणजे पिकाचं वय, आणि हे तुमच्या कामाचं आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या कामात दिसलं की धान जसजसं जुनं होतं तसतसं त्यातलं ग्लुकोज वाढतं, आणि तो रस पिऊन वाढलेल्या पिल्लांमध्ये लांब पंखवाले जास्त निघतात. म्हणजे पीक आता संपत आलंय ही खबर किड्याला रसातूनच लागते आणि तो उडायची तयारी करतो. म्हणून रोवणीनंतर सुरुवातीला जे लांब पंखाचे दिसतात ते बाहेरून आलेले असतात, मधल्या काळात बुंध्याशी आखूड पंखाच्या माद्या दिसायला लागल्या की समजायचं आता इथंच वीण सुरू झाली, आणि निसवल्यानंतर पुन्हा लांब पंखाचे वाढले की ते आता निघणार, शेजारच्या उशिराच्या धानावर जाणार. मला विचाराल तर मधला काळ सगळ्यात महत्त्वाचा, त्याच वेळी चुडं बाजूला करून बुंधा बघायचा, वरून पानं बघून काही कळत नाही. तुम्ही पाहिलं तेव्हा धान निसवलेलं होतं, म्हणजे दोन्ही पंखांचे एकाच वेळी दिसणं बरोबरच आहे.

जनुक बंद करायच्या औषधाचं म्हणाल तर विचार करून बघा. उडणं थांबवायचं म्हणून पहिल्या रिसेप्टरचं जनुक बंद केलं तर सगळे आखूड पंखाचे होतील, म्हणजे जास्त अंडी घालणारे, आणि ते सगळे तुमच्याच बांधीत राहतील. मला हा मार्ग पटत नाही. त्यापेक्षा युरिया बेतानं द्या, कारण नत्र जास्त झालं की हा किडा हमखास वाढतो, मधेमधे बांधीतलं पाणी काही दिवस काढून टाका, रोवणी करताना हवा खेळायला पट्टे सोडा, आणि फवारा मारायचाच तर तो बुंध्यावर बसला पाहिजे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटातली औषधं यावर मारू नका, त्यानं तुडतुडे खाणारे कोळी आणि धानातले मिरिड ढेकूण मरतात आणि तुडतुडे पुन्हा दुपटीनं उसळून येतात.

प्रश्न : पऱ्हाटीवरचा मावा आधी बिनपंखाचा असते, मग एकाएकी त्यात पंखवाले दिसतात. फवारे मारून मारून त्याले पंख फुटले असं आमच्याकडं लोक म्हणतात. औषधानं जीन बदलते का?
— वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : नाही, पंख हा औषधाचा परिणाम नाही. औषध न मरणारा मावा तयार होतो ते खरं आहे, पण ती वेगळी गोष्ट, तिथं खरोखर वेगळ्या जनुकाचे किडे जगून वाचतात आणि वाढतात. पंखांचं तसं नाही.

आपल्या हवेत पऱ्हाटीवरच्या माव्यात नराची गरजच पडत नाही. मादी नराशिवायच जिवंत पिल्लं देते आणि ती पिल्लं जनुकानं हुबेहूब आईसारखी असतात, सगळ्या मुलीच. म्हणजे एका पानामागं एका आईची जी फौज दिसते तिच्यात जनुकाचा फरक जवळजवळ शून्य, आणि तरी त्यातल्या काही बिनपंखाच्या तर काही पंखाच्या! याचा जास्त अभ्यास वाटाण्यावरच्या माव्यावर झालाय. तिथं पिल्लू अजून पोटात असतानाच आईवरून ठरतं. आई गर्दीत असली, शेजारणी सारख्या अंगाला घासायला लागल्या, तर ती पुढची पिल्लं पंखवाली देते. तिच्या शरीरातल्या एकडायसोन या हार्मोनच्या पातळीचा त्यात हात आहे. ढालकिडे आले तरी हेच होतं. ढालकिड्यानं पकडलेला मावा धोक्याचा वास सोडतो, त्या वासानं बाकीचे इकडेतिकडे पळतात, एकमेकांवर आदळतात आणि आईला ते गर्दीसारखंच वाटतं.

यातली मला सगळ्यात नवलाची वाटलेली गोष्ट २०१९ मधली. या माव्याच्या जनुकांमध्ये काही जनुकं मुळात एका व्हायरसची आहेत, कधीतरी फार पूर्वी तो व्हायरस शिरला आणि त्याचा तुकडा माव्याच्या वंशात कायमचा राहून गेला. गर्दी झाली की हीच जनुकं जास्त काम करतात आणि ती दाबली तर पंखवाली पिल्लं कमी होतात. बाहेरून आलेल्या रोगाचं जनुक किड्यानं स्वतःच्या कामाला लावलं.

आणि त्याच माव्याचा नर पाहिला तर सगळं उलटं. थंड प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडावर नर जन्माला येतात, त्यातही पंखवाले आणि बिनपंखाचे असतात, पण तिथं गर्दीचा काही संबंध नाही. एक्स गुणसूत्रावरच्या एका जागेवरून ते ठरतं. २०२० मध्ये कळलं की बिनपंखाच्या नरांमध्ये त्या जागी डीएनएचा एक मोठा जादा तुकडा घुसलेला आहे आणि त्यात फॉलिस्टॅटिन नावाच्या जनुकाची जादा प्रत आहे. म्हणजे एकाच किड्यात मुलीचे पंख परिस्थिती ठरवते आणि मुलाचे पंख वारसा ठरवतो. म्हणून कोणी विचारलं की किड्याला पंख जनुकामुळे येतात की हवामानामुळे, तर आधी विचारावं लागतं कोणता किडा, आणि नर की मादी.

पानामागं पंखवाले दिसले म्हणजे तिथं गर्दी होऊन चुकली आणि आता ते दुसऱ्या झाडावर बसणार, त्यातून एवढंच समजायचं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आवारातल्या गोडनिंबावरच्या अळ्या मुलांनी बरणीत वाढवल्या, कोष झाले, फुलपाखरं निघाली. पोटावरून दोन्ही माद्या वाटतात, पण एकीच्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आहे आणि दुसरीला पांढरा डाग व लाल ठिपके. मुलं विचारतात मॅडम ह्या बहिणी आहेत का. दुसरं असं की, संध्याकाळी व्हरांड्यात येणाऱ्या तपकिरी फुलपाखराच्या पंखांवर पावसाळ्यात डोळे असतात, हिवाळ्यात नसतात, तेही असंच असेल का?
— शिक्षिका, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : ताई, बहिणी असू शकतात, मुलांना नक्की सांगा. हे कॉमन मॉरमॉन, आपल्या संत्र्याच्या आणि लिंबाच्या झाडांवरही अंडी घालतं. नर एकाच रूपाचा, काळा आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेला. मादी मात्र वेगवेगळ्या रूपात येते, एक अगदी नरासारखी आणि एक लाल ठिपक्यांची. लाल ठिपक्यांची मादी नक्कल करते ती कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखराची. त्याची अळी सापसण, किडामार अशा वेलींची पानं खाते, त्यातलं विष अंगात साठवते आणि म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. आपली गोडनिंबवाली मादी विषारी नाही, पण दिसायला तशीच, म्हणून वाचते. ओळखायचं असेल तर पोट बघा, खऱ्या कॉमन रोझचं पोट लाल असतं आणि नक्कल करणारीचं काळं.

ही रूपं वारशानं येतात हे फ्रायर नावाच्या अभ्यासकानं श्रीलंकेत पिढ्या वाढवून दाखवलं होतं आणि १९१४ मध्ये ते छापून आलं. पण जनुक कोणतं, हे कळायला शंभर वर्षं गेली. २०१४ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतले डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं, डबलसेक्स नावाचं जनुक. हे जनुक किड्यांमध्ये नर-मादीतला फरक घडवणारं म्हणून आधीपासून माहीत होतं. लोकांचा अंदाज असा होता की रंग, ठिपके, आकार एवढं सगळं एकदम बदलतंय म्हणजे शेजारी शेजारी बसलेली बरीच जनुकं लागत असतील, आणि निघालं जवळपास एकच. नक्कल करणाऱ्या माद्यांत या जनुकाचा पट्टा गुणसूत्रावर उलटा बसलेला असतो. उलट्या पट्ट्याची सुलट्याशी अदलाबदल होऊ शकत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यातले सगळे बदल एकत्रच पुढच्या पिढीत जातात आणि अर्धवट नक्कल करणारी, ना इकडची ना तिकडची मादी जन्माला येत नाही. अर्धवट नक्कल पक्ष्यांनी लगेच खाल्ली असती. २०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तर कोषातल्या मादीच्या पंखाच्या एका भागात हे जनुक दाबून पाहिलं आणि तेवढ्या भागात नक्कल मोडली, साध्या मादीसारखी नक्षी आली.

आता बहिणींचा हिशोब फळ्यावर मांडता येईल. नक्कल करणारी प्रत प्रभावी आहे, एकच मिळाली तरी पुरते. आईकडे एक नकलेची आणि एक साधी प्रत असली आणि बापाकडे दोन्ही साध्या, तर साधारण अर्ध्या मुली लाल ठिपक्यांच्या निघतील. आणि मुलांना हेही विचारा की बापाकडे नकलेची प्रत असली तर तो कसा दिसेल. तो साध्या नरासारखाच दिसतो, त्याच्याकडे जनुक असतं, मुलीला तो देतोही, पण त्याच्या स्वतःच्या पंखावर ते उमटत नाही. हा प्रश्न मुलांना भारी आवडेल याची मला खात्री आहे.

संध्याकाळी येणाऱ्या तपकिरी पाहुणीचं मात्र तसं नाही. ते इव्हिनिंग ब्राउन. त्याची पावसाळी पिढी डोळ्यांची आणि कोरड्या दिवसातली पिढी वाळक्या पानासारखी, पण जनुकं तीच. त्याचा आफ्रिकेतला एक नातेवाईक बुश ब्राउन प्रयोगशाळेत खूप वाढवलाय, तिथं अळी उबेत वाढली की पंखावर डोळे मोठे येतात आणि थंडीत वाढली की बारीक. कोषाच्या सुमारास एकडायसोन कधी वाढतं त्यावर डोळ्यांचा आकार ठरतो. तेच हार्मोन, जे माव्यात आलं.

प्रश्न : पुस्तकात आहे की इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या धुरामुळे पांढरे पतंग काळे झाले. धुरानं पंखाला रंग लागला का? मग चंद्रपूरचे का नाही झाले?
— इयत्ता १२ वी, जि. चंद्रपूर

उत्तर : धुरानं पतंग रंगला नाही. धुरानं झाडांची खोडं काळवंडली, त्यावर बसलेले पांढरे पतंग पक्ष्यांना लगेच दिसायला लागले आणि जे थोडे आधीपासून काळे होते ते वाचले, त्यांची पिल्लं वाढत गेली. मँचेस्टरमध्ये काळा पतंग १८४८ मध्ये नोंदवला गेला आणि शतक संपायच्या आत तिथले जवळपास सगळेच काळे होते. पुढं १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर हवा सुधारत गेली आणि पांढरे परत वाढले. काळेपणा आला कुठून, तर साधारण २२,००० अक्षरांचा एक उडता तुकडा, म्हणजे डीएनएचा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन बसणारा भाग, कॉर्टेक्स नावाच्या जनुकात जाऊन बसला. २०१६ मध्ये हे कळलं आणि हिशोबानं ते १८१९ च्या आसपास घडलं असावं असं निघालं. गंमत पुढं आहे, २०२४ मध्ये फुलपाखरांवर झालेल्या कामातून दिसलं की त्या जागेवर रंगाचं खरं काम कॉर्टेक्स करत नाही, त्याच्या शेजारचा एक अगदी छोटा आरएनए करतो. पाठ्यपुस्तकं अजून तिथवर पोचलेली नाहीत.

चंद्रपूरचं म्हणशील तर असा बदल घडायला धूर एकटा पुरत नाही. आधी तसा जनुक-बदल त्या जातीत झालेला लागतो, ती जात दिवसभर खोडावर उघड्यावर बसणारी लागते आणि डोळ्यांनी हेरून खाणारे पक्षी लागतात. यातलं एक जरी नसलं तरी गणित जमत नाही.

प्रश्न : पहिला पाऊस आला का लाईटभोवती पंखवाली उधई येते, सकाळी नुसते पंख पडलेले असतात. उधईले पंख कायमचे का नसतात? मुंग्यांचंही असंच असते का?
— इयत्ता ८ वी, जि. वर्धा

उत्तर : ते पंख एकदाच उडायसाठी असतात. पंखाच्या मुळाशी एक नाजूक रेघ असते, जमिनीवर उतरल्यावर तिथूनच पंख मोडतो आणि जोडी मातीत शिरते, कारण बिळात पंख अडचणीचेच. मुंग्यांच्या राण्याही पंख टाकतात. कामकरी मुंगीला मात्र पंख कधीच येत नाहीत, जरी तिची जनुकं राणीसारखीच असतात. २००२ मध्ये एहाब अबुहैफ आणि ग्रेगरी रे यांनी पाहिलं की कामकरी मुंगीच्या अळीत पंख बनवायच्या जनुकांची साखळी सुरू होते आणि मग मधेच तुटते, आणि ती तुटायची जागा वेगवेगळ्या जातींत वेगवेगळी असते. परिणाम सारखाच, बिनपंखाची मुंगी, पण तिथं पोचायचे रस्ते निराळे.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, झूऑलॉजी. घरचे म्हणतात माशीच्या पंखाचे जीन शिकून पोट भरते का, माणसाच्या कामाचं काही शिक. त्यांना काय सांगू?
— वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : त्यांना दिल्लीतल्या एका माशीची गोष्ट सांग. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आर. पी. शर्मा या शास्त्रज्ञांना फळमाश्यांमध्ये काही बिनपंखाच्या सापडल्या, १९७३ मध्ये त्यांनी ती नोंद छापली आणि त्या जनुकाला विंगलेस नाव दिलं. पुढं १९७६ मध्ये त्यांनी आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. तिकडं १९८२ मध्ये अमेरिकेत उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करताना इंट-१ नावाचं जनुक सापडलं, आणि १९८७ मध्ये लक्षात आलं की माशीचं विंगलेस आणि उंदराचं इंट-१ हे एकाच जनुकाची दोन रूपं आहेत. दोन्ही नावं जोडून त्या कुटुंबाला विंट म्हणायला लागले. आज माणसाच्या पोटातल्या गर्भाची वाढ, हाडं, आतड्याचं रोजचं नवं अस्तर या सगळ्यात विंटचा हात आहे हे माहीत आहे, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींमध्ये याच साखळीतलं एपीसी नावाचं जनुक बिघडलेलं सापडतं. त्याच कुटुंबातलं विंट-ए फुलपाखरांच्या पंखांवरचे पट्टे आखतं. त्या दिवशी शर्मांनी माशीच्या पंखाकडे दुर्लक्ष केलं असतं तर ही कडी जोडायला कोणास ठाऊक किती वेळ लागला असता.

आणि यासाठी मोठी लॅब लागत नाही. फळमाशी पिकलेल्या केळावर बाटलीत वाढते, २५ अंशाला तिची पिढी १० दिवसांत होते. तुमच्या विभागात आखूड पंखाच्या व्हेस्टिजियल माशीचा साठा नसेल तर सरांना मागवायला सांग, साध्या माशीशी तिचा संकर कर, पहिल्या पिढीत सगळ्यांचे पंख चांगले निघतील, मग त्यांचा आपसात संकर करून दुसऱ्या पिढीतल्या माश्या मोज. चांगल्या पंखाच्या तिघींमागं आखूड पंखाची एक, असं साधारण तीनास एक आलं की वही घरी नेऊन दाखव.